काळ्या रुपयाचा कैवार

चांदी चमकलीच पाहिजे आणि काळवंडलेला रुपया म्हणजे घरच्यांची हयगय, हा समज बुलढाणा जिल्ह्यात पक्का आहे. त्याला कारणही आहे. खामगावला रजतनगरी म्हणतात. तिथल्या चांदीच्या शुद्धतेचा लौकिक विदर्भाबाहेरही आहे, आणि घाटावरचे असोत की घाटाखालचे, लग्नाच्या चांदीसाठी लोक खामगावची वाट धरतात. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या चांदीचा शुभ्रपणा विकला, त्याच्या नजरेला काळा रुपया खुपणारच. म्हणून पेटीच्या तळाशी राणीछाप रुपया सापडला की आधी त्याला चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट नाहीतर दुकानातले पॉलिश लागते, आणि मगच तो जपून ठेवला जातो. जुनी नाणी जमवणाऱ्यांपैकीही पुष्कळजण हीच फूटपट्टी लावतात: चकाकणारे नाणे उत्तम, काळे नाणे दुय्यम. या मताचा इथे प्रतिवाद करायचा आहे. मात्र काळे तेवढे चांगले असे उलटे सूत्र त्याच्या जागी बसवायचे नाही. नाणे चकचकीत हवे की काळसर, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. टांकसाळीतून बाहेर पडल्यावर नाण्याच्या पृष्ठभागात कोणी मुद्दाम ढवळाढवळ केली आहे का, हा खरा प्रश्न. काळा रुपया उद्या कधीही घासता येतो. घासलेला रुपया मात्र कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. या वादाचा निकाल या एकाच गोष्टीवर लागतो.

सराफाचे मोजमाप आणि संग्राहकाचे मोजमाप वेगळे आहे, हे आधी मान्य करायला हवे. सराफ धातू तोलतो, कस लावतो आणि किंमत सांगतो. त्याच्या दृष्टीने १८३५ पासूनचे कंपनी सरकारचे आणि पुढे राणीचे, एडवर्डचे, पाचव्या जॉर्जचे रुपये सारखेच: वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हे वजन म्हणजेच एक तोळा. वजन आणि चलन एकाच तुकड्यात सामावलेले होते. सगळे रुपये धातूने एकसारखे असावेत, हाच तर त्या व्यवस्थेचा हेतू होता. त्याआधी नाण्याचे साल आणि झीज पाहून सराफ बट्टा कापत. एकाच छापाच्या आणि वजनाच्या रुपयाने ती कटकट हळूहळू संपवली. पण धातू सगळीकडे सारखाच असेल, तर एका रुपयाला दुसऱ्यापासून वेगळे करणारे काय उरते? धातूखेरीज जे आहे ते, म्हणजे ठसा आणि पृष्ठभाग. सराफाच्या हिशेबात याला स्थान नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचेही कारण नाही. दोष आहे तो संग्राहकाचा. तो संग्राहक म्हणवून घेतो आणि नाणे मात्र सराफाच्या नजरेने निवडतो.

धातूला स्मरण नसते, याचा पुरावा पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रुपयातच आहे. युद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई इतकी वाढली की कागदी नोटांच्या बदल्यात रुपये देणे सरकारला जड जाऊ लागले. तेव्हा एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला, आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २६ कोटी डॉलरांची चांदी हिंदुस्थानच्या टांकसाळींसाठी ब्रिटनला विकली. त्या काळच्या पाचव्या जॉर्जच्या पुष्कळ रुपयांत अमेरिकी डॉलरांची चांदी आहे. पण असा कोणताही रुपया हातात घेऊन त्याच्या धातूतून हे सांगता येत नाही. वितळताना डॉलरचा सारा इतिहास पुसला गेला, आणि मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत त्या चांदीला नवा इतिहास मिळाला तो ठशाच्या एका दाबाने, केवळ पृष्ठभागावर. नाण्याचे सगळे चरित्र त्या पातळ थरात असते. तो थर घासणे हे वितळवण्याचेच सौम्य रूप आहे, फक्त ते हप्त्याहप्त्याने चालते.

हे म्हणणे हवेतले वाटू नये म्हणून वऱ्हाडाशी थेट संबंध असलेले नाणे घेऊ. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक सोन्याचे दिवस आले. खामगावची कापूस बाजारपेठ त्या तेजीत वर आली, आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटाही सुरू झाला. या वर्षांत चालणारा रुपया म्हणजे राणीचा मुकुटधारी मुखवटा असलेला, १८६२ साल कोरलेला रुपया. गंमत अशी की १८६२ हे साल नाण्यावर १८७४ पर्यंत तसेच राहिले. मधल्या वर्षांतले नाणे नेमके केव्हाचे आणि कुठल्या टांकसाळीचे, हे अभ्यासक सालाच्या आसपासच्या बारीक ठिपक्यांच्या संख्येवरून आणि जागेवरून ठरवतात. हे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे. राखेने चार दिवाळ्या घासलेल्या रुपयावर राणीचा चेहरा ओळखता येईल, १८६२ हा आकडाही वाचता येईल. पण ते नाणे कापसाच्या तेजीतले की नंतरच्या मंदीतले, हे सांगणारा ठिपका पुसट झालेला असेल. त्याआधीच्या १८३५ च्या चौथ्या विल्यमच्या रुपयातही तोच प्रकार आहे. राजाच्या मानेच्या कापावर एफ किंवा आर. एस. अशी टांकसाळीच्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरे असतात, आणि त्यांवरून नाण्याचे प्रकार वेगळे पडतात. पुढे राणीच्या रुपयांवर मुंबईच्या टांकसाळीचे बी हे अक्षर कधी उठावाचे तर कधी खोल असते. ज्याला हे वाचायचे आहे, त्याला पॉलिशचा एक हातही परवडत नाही.

मागे गेले की ही गरज वाढतच जाते. बुलढाणा जिल्ह्यातल्याच साखरखेर्ड्याला ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये आसफजाही सत्तेचा पाया घातला. सत्ता बदलली, पण नाण्यावरचे नाव बदलले नाही. निजामाच्या राज्यातले रुपये पुढेही दिल्लीच्या बादशहाच्याच नावाने पडत राहिले, ते थेट १८५७ च्या उठावापर्यंत. असा रुपया कोणत्या सालचा आणि कुठल्या टांकसाळीचा, हे राज्यवर्षाच्या एखाद्या आकड्यावरून, टांकसाळीच्या नावातल्या दोनतीन अक्षरांवरून आणि लहानशा चिन्हावरून ठरवावे लागते. त्यात हाताने पाडलेल्या या नाण्यांची चकती ठशापेक्षा लहान असे, त्यामुळे मजकुराचा कडेचा भाग बऱ्याचदा नाण्यावर उतरतच नसे. आधीच अर्धा मजकूर; त्यातही उरलेला घासून गुळगुळीत करायचा, तर मग हातात राहते ते चांदीचे बटण. महाराष्ट्रातल्या नाणेशास्त्राचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही हेच शिकवते. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप नहपानाची नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याला हटवल्याचा इतका ठोस पुरावा ग्रंथांत सहसा मिळत नाही. तो पुरावा कशात होता? नव्या ठशाखालून डोकावणाऱ्या जुन्या ठशाच्या अवशेषात. ही नाणी कोणी आधी चिंचेने लख्ख करून ठेवली असती, तर चांदी तेवढीच भरली असती आणि इतिहास उणा झाला असता.

आता काळेपणा म्हणजे नेमके काय ते पाहू. हवेत अत्यल्प प्रमाणात असलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूशी चांदीचा संयोग होतो आणि तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचे पटल चढते. लोणारच्या सरोवराकाठच्या चिखलाला जो कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो याच वायूचा. लोकरी कापड, रबरबँड, काही प्रकारचे कागद आणि पुठ्ठे यांतूनही गंधक मिळते. रुपयात साडेआठ टक्क्यांच्या आसपास तांबे असते, तेही या क्रियेत आपला वाटा उचलते. शेजारच्या निजामी मुलखात चालणाऱ्या हाली सिक्क्याच्या रुपयात तांबे याच्या दुपटीने होते, त्यामुळे त्याची काळवंडण्याची तऱ्हा कलदारापेक्षा, म्हणजे इंग्रजी रुपयापेक्षा, वेगळी. पटल अगदी पातळ असते तेव्हा नाणे सोनेरी दिसते. जाडी वाढेल तसे ते तांबूस, जांभळट, निळसर होत शेवटी करडे-काळे होते. पावसाच्या पाण्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात जसे रंग दिसतात, तसेच हे रंग; ते रंगद्रव्याचे नसून पटलाच्या जाडीचे असतात. संग्राहक याला टोनिंग म्हणतात. नाणे कुठे आणि कशात ठेवले होते, त्याची कोणती बाजू हवेला लागत होती, शेजारी दुसरे नाणे चिकटून होते का, हे त्या पटलावरून अनेकदा कळते. शिवाय खोलगट जागी पटल गडद आणि उठावावर फिकट राहिले की अक्षरे आणि चेहरा अधिक स्पष्ट दिसतो. चांदीकाम करणारे कारागीर नक्षीच्या खाचा मुद्दाम काळ्या करून उठाव खुलवतात. तेच काम इथे काळाने फुकट केलेले असते.

घासल्याने किंवा बुडवल्याने जाते काय, याचाही हिशेब मांडता येतो. शंभर नॅनोमीटर जाडीचे पटल रुपयाच्या दोन्ही बाजूंवर पसरले आहे असे धरले, तर त्यात अडकलेली चांदी साधारण एक मिलिग्रॅम भरते. ११,६६० मिलिग्रॅमच्या रुपयात ही घट सराफाच्या काट्याला दिसणारसुद्धा नाही, आणि म्हणूनच सराफ प्रामाणिकपणे म्हणतो की काही नुकसान झाले नाही. वजनाचे झालेलेच नाही. नुकसान झाले ते दुसऱ्याच गोष्टीचे. ठशाच्या प्रचंड दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नवे नाणे हलवले की चाकाच्या आऱ्यांसारखा प्रकाशाचा पट्टा फिरतो, तो या रेषांमुळे. टांकसाळीची मूळ झळाळी ती हीच. बाजारातल्या झटपट द्रावणात थायोयुरिया आणि आम्ल असते. ते पटलाबरोबर या रेषांचे माथेही खाते. राख आणि रांगोळी तर सरळ ओरखडेच काढतात. अॅल्युमिनियमचा कागद आणि खाण्याचा सोडा हा उपाय त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणून सांगितला जातो. त्यात सल्फाइडची पुन्हा चांदी होते हे खरे, पण ती चांदी मूळ घडणीत परत जाऊन बसत नाही; मागे राहतो तो निर्जीव, पिठूळ पांढरेपणा. आणि उघडी पडलेली ताजी चांदी पुन्हा काळवंडू लागते, पुन्हा घासावी लागते. दर दिवाळीचा एक मिलिग्रॅम म्हणजे पन्नास वर्षांत पन्नास, आणि घासण्याचे ओरखडे निराळेच.

कमी चांदीच्या नाण्यांचे तर आणखी हाल होतात. १९४० ते १९४५ च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच आहे. उरलेल्यात ४० टक्के तांबे, आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के. अशा मिश्रधातूच्या नाण्याचा वरचा कोवळा थर झिजला की खालचा मळकट पिवळा रंग वर येतो. घरच्यांना वाटते रुपया खोटा निघाला. खरे तर त्यांनीच त्याची कातडी सोलून काढलेली असते.

इथवर वाचून कोणाला वाटेल की हा लेख चकचकीत नाण्यांच्या विरोधात आहे. तसे नाही. मूळ झळाळी शाबूत असलेला पांढरा रुपया हा संग्रहातला मानाचा तुकडा असतो, आणि कोणी तो काळसर नाण्याआधी पसंत केला तर त्याच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते या दोन शुभ्रतांची गल्लत करण्याशी. मूळ झळाळी नाणे फिरवले की फिरते; पॉलिशची चकाकी सगळीकडून सारखीच, सपाट. भिंगाखाली पॉलिशच्या नाण्यावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात, अक्षरांच्या कडा गोल झालेल्या असतात आणि अक्षरांच्या कुशीत मात्र जुना काळा मळ तसाच उरलेला असतो. झिजलेल्या रुपयावर लख्ख चकाकी दिसली की शंका घ्यावी, कारण बाजारात हातोहात फिरताना झळाळी सगळ्यांत आधी जाते. जगभर नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या संस्था घासलेल्या नाण्याला नेहमीची श्रेणी देत नाहीत, त्याचा दोष लिहून वेगळा शेरा मारतात. त्या संस्था काही परमेश्वर नव्हेत. पण या बाबतीत त्यांचे नियम आणि इथले म्हणणे एकच सांगते.

आक्षेपांत सर्वांत वजनदार आक्षेप असा: काळे पडणे ही अखेर धातूची झीज आहे, गंजच आहे, मग तो वाढू देण्यात कसले आले जतन? आक्षेप खोटा नाही. टोनिंग हा गंजाचाच प्रकार आहे, आणि त्याला संरक्षक कवच म्हणून डोक्यावर घेणारे संग्राहक अतिशयोक्ती करतात. पटल जाड होईल तशी क्रिया साधारणपणे मंदावते, पण ती बंदच पडते असे नाही. काळ्याकुट्ट, खरखरीत अवस्थेत खालच्या पृष्ठभागाला खरोखर इजा झालेली असू शकते. पण यातून घासण्याचा सल्ला निघत नाही, ठेवण्याची पद्धत बदलण्याचा निघतो. रोगाचे कारण गंधक आणि ओल असेल तर त्या दोन्हींपासून नाणे दूर ठेवावे: रबरबँड, वर्तमानपत्र आणि लोकरी कापड वर्ज्य, कोरडी जागा, आणि पीव्हीसीच्या मऊ पाकिटांऐवजी निष्क्रिय प्लास्टिकच्या डब्या, कारण पीव्हीसीतून कालांतराने हिरवट चिकटा सुटतो. नाणे कडेला धरावे, तोंडावर बोट ठेवू नये. एवढे केले की पटलाची वाढ जवळजवळ थांबते. घासण्याने मात्र रोग थांबत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा: काळेपणाखाली खोटेपणा लपतो, चकचकीत नाणे आपले सत्य उघड सांगते. हेही अर्धेच खरे. नकली रुपयाला गंधकाने काळे करून जुने भासवणारे आहेत, तसेच ओतीव नाण्याचे खड्डे पॉलिशने बुजवणारेही आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने, १८१८ सालाचे, राम दरबार कोरलेले ‘नाणे’ घेऊन लाखोंची स्वप्ने विकणारे गावोगाव भेटतात. कंपनीने असे नाणे कधीच काढले नाही, आणि ते काळे असो वा पांढरे, त्यामुळे काही फरक पडत नाही. खरेखोटे ठरवण्याच्या कसोट्यांना पृष्ठभाग घासण्याची गरजच नसते. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास आहे का, व्यास आणि जाडी जुळते का, कडेच्या खाचा नीट आहेत का, पाण्यात तोलून काढलेली घनता १०.३ च्या जवळ येते का, लोहचुंबक ओढून घेतो का, अक्षरांचे वळण अस्सल नाण्याशी जुळते का: या साऱ्या परीक्षा काळ्या नाण्यावर जशा होतात तशा पांढऱ्यावर. उलट, घासलेल्या नाण्यावर शेवटची आणि सर्वांत मोलाची परीक्षा, अक्षरांच्या कडांची, करताच येत नाही.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा आहे, आणि त्याला हिशेबाने उत्तर देणे उद्धटपणाचे होईल. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर काळा रुपया कसा ठेवायचा? ठेवू नये. पूजेतला रुपया पूजेतल्या समईसारखाच वापरात असतो, आणि वापरातली वस्तू स्वच्छ ठेवणे हा घराचा आचार आहे. तांड्यावरच्या बंजारा स्त्रियांच्या अंगावर शोभणारे कड्या लावलेले रुपयेही याच न्यायाने दागिने आहेत. कडी लावल्यामुळे नाणे ‘बिघडले’ म्हणून नाक मुरडणारा संग्राहक त्या दागिन्याचा स्वतंत्र इतिहास समजून घेत नाही. पण पूजेसाठी एक रुपया लागतो, फार तर पाच. त्यासाठी पेटीतली सगळी नाणी दरसाल घासण्याची आज्ञा कोणत्याच शास्त्राने दिलेली नाही. गुळगुळीत झिजलेला एखादा रुपया किंवा सराफाकडचे लक्ष्मीचे नवे नाणे पूजेसाठी कायमचे वेगळे काढावे. बाकीच्यांना हात लावू नये. श्रद्धा आणि संग्रह एका घरात सुखाने नांदू शकतात, फक्त त्यांची नाणी एक नसावीत.

चौथा प्रतिवाद दुसऱ्या बाजूकडे वळून करावा लागतो. परदेशी बाजार पाहून आता आपल्याकडेही इंद्रधनुषी रंगांच्या नाण्यांचे वेड वाढते आहे. ते कुठून आले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. १९१८ च्या कायद्यातून वाचलेले अमेरिकी डॉलर पुढे कित्येक दशके सरकारी तिजोरीत कापडी पिशव्यांत पडून राहिले. पिशवीच्या कापडाला चिकटलेल्या बाजूवर चंद्रकोरीसारखे रंग चढले, आणि १९६० च्या दशकात ते डॉलर बाहेर आले तेव्हा संग्राहक त्या रंगांवर भाळले. एकाच तिजोरीतली चांदी: काही वितळून आपल्या पूर्वजांच्या कमरेच्या कशात रुपया होऊन आली, उरली ती रंग धरून दामदुप्पट झाली. पण रंगालाच पैसे मिळू लागले की रंग बनवणारेही निघतात. गंधक, उष्णता आणि थोडे कौशल्य एवढ्यावर चार दिवसांत निळे-जांभळे नाणे तयार होते. म्हणजे रंगवेडा संग्राहक आणि पॉलिशवेडा गिऱ्हाईक एकाच चुकीची दोन टोके आहेत: दोघेही पृष्ठभागाला शोभेची वस्तू समजतात, आणि दोघेही बाजाराला त्या पृष्ठभागाशी खेळण्याची लालूच दाखवतात. साधा, करडा, कोणीही न छेडलेला रुपया या दोघांनाही नको असतो. खरे तर तोच सर्वांत विश्वासू साक्षीदार, कारण त्याला सजवून कोणाचा फायदा झालेला नसतो.

राहता राहिला शेवटचा युक्तिवाद: ज्याचे नाणे त्याची मर्जी, चांदीचा भाव किलोला लाखापार गेलेला असताना कोण ठिपके मोजत बसणार? मालकीचा हक्क निर्विवाद आहे. पण संग्राहक हा शब्द स्वतःला लावला की हक्काबरोबर एक जबाबदारीही अंगावर येते, कारण संग्रह हा माणसापेक्षा जास्त जगतो. शिवाय भावाचा मुद्दाही उलटच बोलतो. वितळवायच्या रुपयाला पॉलिशची गरज नसते. मुशीत काळा आणि पांढरा सारखाच. आणि जो रुपया वितळवायचा नाही, त्याला धातूच्या भावापेक्षा अधिक किंमत येते ती पृष्ठभागामुळेच. तेव्हा पॉलिश दोन्हीकडून तोट्याचे: मोडीत काही वाढत नाही, आणि संग्रहात मोल घटते.

अपवाद मानले पाहिजेत, पण ते अपवादच राहिले पाहिजेत. बोटांचा तेलकटपणा किंवा पीव्हीसीचा चिकटा शुद्ध अॅसिटोनमध्ये न घासता धुतला तर चांदीला धक्का लागत नाही. नखांचे रंग पुसायचे द्रव मात्र त्यासाठी वापरू नये. जमिनीत पुरलेल्या नाण्यांवर कधी मातीचा आणि क्षारांचा असा थर बसतो की अक्षरच दिसत नाही. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यासारख्या जमिनीत क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइडचा मेणासारखा करडा थर चढू शकतो. असे नाणे वाचता यावे म्हणून संग्रहालयातला जाणकार तो थर भिंगाखाली, टप्प्याटप्प्याने आणि आधी-नंतरची छायाचित्रे ठेवून काढतो. त्यालाही नाणे लख्ख करायचे नसते, ते बोलते करायचे असते. नांगराला हंडा लागला तर हा विवेक आणखी महत्त्वाचा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. त्याआधीच नाणी धुऊन, सुटी करून, चमकवून टाकली तर कोणते नाणे कशाला चिकटले होते, फडक्याचे धागे कुठे होते, साठा एकदाच पुरला की भर घालत गेले, हे सांगणारा सगळा पुरावा वाहून जातो. कायदा नाणी हवाली करायला लावू शकतो. धुऊन टाकलेला पुरावा नव्हे.

म्हणून या वादात सिद्धतेचे ओझे कोणावर आहे ते एकदा ठरवून टाकावे. नाणे आहे तसे ठेवणाऱ्याने आपले समर्थन देण्याची गरज नाही. त्याने काहीच गमावलेले नाही, आणि त्याचा निर्णय चुकला असे उद्या ठरले तर तो उद्याच बदलता येईल. घासणाऱ्याला मात्र आधी सिद्ध करावे लागेल की हे पटल काढलेच पाहिजे, काढण्याने वाचण्याजोगे काही जाणार नाही, आणि ते काढण्याचे कौशल्य आपल्याकडे आहे. घराघरांत होणाऱ्या शंभरापैकी नव्याण्णव घासण्या या कसोटीला उतरणार नाहीत. चांदीच्या शुद्धतेवर ज्यांनी नाव कमावले त्या खामगावच्या सराफ्याला याहून सोपा नियम घालून घेता येईल: दागिना आला तर विचारू नये, उजळून द्यावा, पण जुना रुपया आला तर गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय पॉलिशला हात घालू नये, आणि मागितले तरी एकदा सांगून पाहावे की यात नाण्याचे नुकसान आहे. शुद्ध धातू ओळखणाऱ्या बाजाराला अस्सल पृष्ठभाग ओळखणे अवघड नाही. त्यासाठी नवी विद्या लागत नाही, फक्त कस लावण्याची जुनी सवय धातूवरून पृष्ठभागापर्यंत न्यावी लागते.